उडालेल्या गॅसचं वजन

बाजारात जाता तेव्हा भरवसा कोणावर ठेवता हो तुम्ही? माल देणाऱ्यावर, पैसे देणाऱ्यावर, की दोघांच्या मधे लटकलेल्यावर? सांगा बिनधास्त, मी राग मानणार नाही. तो मधे लटकलेला मीच. मी तराजू बोलतोय. लोखंडी दांडी, पितळी पारडी, एका बाजूला दहा किलो झेलायची ताकद. मुक्काम पेणकरपाडा, मीरा रोड. दुकान फ्रीज दुरुस्तीचं.

फ्रीजच्या दुकानात तराजू कशाला, असं तुमच्या तोंडावर आलं असेल. येऊ द्या. तेच सांगायला लटकलोय.

माझा जन्म १९८७ सालचा, काठेवाडातल्या सावरकुंडल्याचा. तिथे गल्लीगल्लीत तराजू घडतात. घडवणाऱ्याने दांडी कानसली, काटा बसवला, फुंकर मारून पाहिली आणि म्हणाला, ‘चाल, डाह्यो थजे.’ शहाणा हो म्हणाला. तेव्हापासून प्रयत्न चालू आहे.

तिथून मी भाईंदर पश्चिमेला आलो, हंसाबेनच्या किराणा दुकानात. बाई एकटीने दुकान सांभाळायची. माल तोलताना तिची नजर काट्यावरून हलायची नाही. गिऱ्हाईक काय नेसलंय, पाकीट जाड की पातळ, काही बघायची नाही. मी धंदा शिकलो तो तिच्याकडून.

आणि लिहिणं-वाचणं शिकलो पुड्यांवरून. रद्दीचे कागद माझ्याच शेजारी असायचे. राजकारण साखरेच्या पुडीवर, क्रिकेट जिऱ्याच्या पुडीवर. एकदा चणाडाळीच्या पुडीवर एक नवलाची बातमी वाचली. आभाळात फार उंचावर ओझोन नावाच्या वायूचं पांघरूण आहे म्हणे. ते सूर्याचे जहाल किरण अडवतं. आणि फ्रीजमधला गॅस वर जाऊन ते पांघरूण कुरतडतोय. म्हणून कॅनडातल्या माँट्रियल शहरात पुष्कळ देशांची माणसं एकत्र बसली आणि त्यांनी ठरवलं की...

इथे कागद फाटलेला. पुढचं ठरलेलं बहुधा तूरडाळीबरोबर कोणाच्या तरी घरी गेलं. काय ठरलं ते कळायला मला दहा वर्षं लागली.

हंसाबेनच्या गिऱ्हाइकांत राई गावची सरूबाई होती. मासळी विकून परत जाताना तेल-मीठ न्यायची. तिची एक रीत होती. माल घालण्याआधी दोन्ही पारडी रिकामी बघायची.

‘आधी रिकामा धर. कुठं झुकतंय त्ये बगू दे.’

हंसाबेन वैतागायची. ‘अरे सरूबाई, नऊ वरस झाला तुला, अजून भरोसा नाय?’

‘भरोसा हाय म्हनून तर बगतंय. नसता तर दुसऱ्याकडं गेली असती.’

मला ती बाई आवडायची. तराजूला रिकामं बघणारं माणूस दहा हजारांत एक.

१९९६ साली काउंटरवर लाल आकड्यांचा वीजकाटा आला आणि मी गोणींच्या मागे गेलो. सहा महिने तिथे पडून होतो. मग हंसाबेनचा थंड पेयांचा फ्रीज बंद पडला आणि तो दुरुस्त करायला पेणकरपाड्याचा महिपत आला. पोलादपूरकडचा माणूस, कुर्ल्याच्या एका उस्तादाकडे काम शिकलेला. काम झाल्यावर त्याची नजर माझ्यावर पडली.

‘बेन, हा देता का? मजुरी नको मला.’

‘ले जा. भंगार में देने को मेरा जी नहीं होता,’ हंसाबेन म्हणाली आणि मला फडक्याने पुसून दिलं. निरोपाच्या वेळी मला कोणीतरी पुसलं, हे मी विसरलेलो नाही.

महिपतचं दुकान म्हणजे पत्र्याचा गाळा. दारात उघडे फ्रीज, कॉम्प्रेसर, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी. पहिल्याच दिवशी त्याने मला आडव्या अँगलला टांगलं. बायको वासंती चहा घेऊन आली ती बघतच राहिली.

‘हे काय? आता फ्रीज दुरुस्त करून वर कांदे पण विकणार?’

‘गॅस तोलायला आणलाय. महाग होत चाललाय, मिळत पण नाही वेळेवर. किती येतो, किती जातो, कळायला नको?’

‘मग वही मी ठेवते. तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नाही,’ वासंती म्हणाली. त्या दिवसापासून मी बोलायचं आणि तिने लिहायचं, असा आमचा संसार सुरू झाला.

फ्रीजमध्ये भरायच्या त्या गॅसला हे लोक आर-ट्वेल्व्ह म्हणतात. घरगुती फ्रीजमध्ये तो भरतो दीडशे ग्रॅम, म्हणजे एका शेंगदाण्याच्या पुडीएवढा. महिपत पूर्वी तो अंदाजाने भरायचा. कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर हाताची उलटी बाजू ठेवून गारवा बघायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, ‘भरला.’ मी आल्यावर त्याने तोलून पाहिलं. दहापैकी आठ वेळा हात बरोबर निघाला. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

पण एक गोष्ट खुपायची. जुना फ्रीज आला की महिपत नळी कापायचा. फुस्स! आतला उरलासुरला गॅस हवेत. सगळेच मिस्त्री असंच करत होते, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. गॅसला रंग नाही, वास नाही, मग गेला त्याचं दुःख कोण करणार? मला मात्र माल जातोय आणि पारड्यात पडत नाही, हे बघवायचं नाही.

१९९८ साली भाईंदरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये फ्रीज मिस्त्रींची शिकवणी झाली. एक दिवस तोलण्याचं काम दाखवायचं होतं, म्हणून महिपतने मलाही पिशवीत घालून नेलं. शिकवायला निहार नावाचे तरुण इंजिनियर होते. आणि तिथे, गेल्या आठवड्यातल्या लग्नाची झिरमिळ्यांची तोरणं अजून लटकत असताना, मला माझ्या चणाडाळीच्या पुडीचा उरलेला मजकूर ऐकायला मिळाला.

देशांनी असं ठरवलं होतं. हा गॅस सगळ्यांनी बंद करायचा, पण सगळ्यांनी एकाच दिवशी नाही. ज्यांनी आजवर ढीगभर वापरला त्या श्रीमंत देशांनी आधी. आपल्यासारख्यांना दहा वर्षं जास्त. आणि श्रीमंतांनी एका सामाईक निधीत पैसे घालायचे, त्यातून बाकीच्यांना यंत्रं आणि शिक्षण द्यायचं. आपला देश १९९२ साली त्यात सामील झाला.

महिपत उठून उभा राहिला. ‘साहेब, पन्नास वर्षं त्यांनी फुंकलं आणि आता आम्हाला सांगतात फुंकू नका?’

हॉलमध्ये हशा झाला. निहारसाहेबही हसले. ‘म्हणूनच पैसे त्यांचे आणि जास्तीची मुदत आपली. अजून ऐका. हाच गॅस वर जाऊन पृथ्वीची गरमीही वाढवतो. त्या गरमीवर गेल्या डिसेंबरात जपानमध्ये सगळे देश बसले होते. तिथे अजून ओढाताण चालू आहे. पण या ओझोनच्या बाबतीत मात्र जमलंय.’

‘आमच्या गल्लीतली चार दुकानं मिळून एक गटार साफ करत नाहीत,’ मागून आवाज आला, ‘आणि इतके देश?’

तो आवाज गुणवंतभाईंचा. बेव्हर्ली पार्कला त्यांचं एसी-फ्रीजचं मोठं दुकान. गुळगुळीत शर्ट, खिशाला दोन पेनं. महिपतचं आणि त्यांचं फारसं पटायचं नाही, कारण दोघांची गिऱ्हाइकं एकमेकांकडे जात-येत असायची.

तर त्या निधीच्या योजनेत एक यंत्र होतं. फ्रीजमधला जुना गॅस हवेत न सोडता ते खेचून पिवळ्या खांद्याच्या छोट्या सिलिंडरमध्ये भरायचं. गॅस साफ करून पुन्हा वापरता यायचा. आमच्या भागात तीन दुकानांना तीन महिन्यांसाठी एकेक यंत्र मिळालं: एक महिपतला, एक गुणवंतभाईंना, एक भाईंदर पूर्वेला. प्रत्येक फ्रीजमधून किती गॅस वाचवला ते वहीत लिहायचं. तीन महिन्यांनी ज्याचा आकडा मोठा, त्याच्याकडे यंत्र कायमचं राहणार. बाकीची दोन पुढच्या गावांना जाणार.

महिपतला ते यंत्र हवंच होतं. पेणकरपाड्यात सगळ्यांकडे सेकंडहँड फ्रीज, बारा-पंधरा वर्षांचे. पुढे नवा गॅस मिळेनासा झाला की हे फ्रीज फक्त वाचवलेल्या गॅसवर चालणार. यंत्र ज्याच्याकडे, दुकान त्याचं टिकणार. वासंतीला तो म्हणालाही, ‘हे गेलं तर पाच वर्षांनी मी गुणवंतच्या दुकानात मदतनीस असेन. तो मला टाय बांधायला लावेल.’

आता माझा दरारा वाढला. प्रत्येक फ्रीजमागे पिवळ्या खांद्याचा सिलिंडर दोनदा पारड्यात बसायचा, आधी आणि नंतर. काटा मधोमध आला की वासंती समोरच्या पारड्यातली वजनं मोजून फरक लिहायची: नव्वद ग्रॅम, एकशे दहा, चाळीस. काही फ्रीज आधीच गळून रिकामे झालेले असायचे, त्यांच्यापुढे शून्य. महिपत रोज संध्याकाळी बेरीज करायला लावायचा आणि बेव्हर्ली पार्कच्या दिशेने बघून मिशीत हसायचा.

तिसरा महिना संपत आला, तेव्हा टेम्पोत फ्रीज घालून सरूबाई आली. तीच, राईची. मुलाने जुना फ्रीज घेऊन दिला होता आणि तो थंड करेना. बाई कॉम्प्रेसरच्या खोक्यावर ठाण मांडून बसली.

‘मावशी, उद्या या, तयार ठेवतो.’

‘न्हाय. माझ्या म्होरं कर.’

मग तिने मला पाहिलं. डोळे बारीक केले. ‘ह्यो हंसाबेनचा न्हाय का रं? रिकामा धर बगू.’ महिपतने मुकाट्याने रिकामी पारडी दाखवली. काटा मधोमध. माझी छाती फुगली असती, असती तर.

महिपतने यंत्र जोडलं, जुना गॅस खेचला, सिलिंडर तोलला. एकशे दहा ग्रॅम. ‘बघा मावशी, एवढा गॅस आभाळात जाण्यापासून वाचवला. परदेशातले साहेब बघायला येणार आहेत.’

सरूबाईने मान डोलावली. मग महिपतने सवयीप्रमाणे नव्या गॅसचा सिलिंडर घेतला, नळीला लावला आणि वॉल्व्ह उघडला. फुस्स... नळ्यांतला कचरा आणि जुनं तेल भसकन बाहेर. पुन्हा एकदा फुस्स. नळ्या स्वच्छ.

‘आनि ह्यो कुठला रं?’

‘हा? हा सफाईचा, मावशी. नळ्या साफ करायला.’

‘ग्यास त्योच?’

‘तोच, पण नवा.’

‘मंग सफाईचा ग्यास वर जात न्हाय?’

महिपतने वॉल्व्ह बंद केला. तुम्हाला वाटेल, इतकी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात कशी आली नाही? अहो, या धंद्यात तो गॅस म्हणजे झाडू होता. उस्तादाने तसंच शिकवलेलं, उस्तादाला त्याच्या उस्तादाने. झाडू मारताना किती काड्या झिजल्या हे कोण मोजतं? आणि मी, एवढा स्वतःला शहाणा समजणारा, मीही पिवळ्या खांद्याकडेच बघत राहिलो होतो.

सरूबाई फ्रीज घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा बाजूला सारून वासंतीने वही उघडली. तीन महिन्यांत नवा गॅस आणला चौदा किलो. शेहेचाळीस फ्रीजमध्ये भरला सहा किलो नऊशे. सिलिंडरमध्ये उरला तो तिने मला तोलायला लावला, एक किलो दोनशे.

‘पाच किलो नऊशे कुठे गेला?’

महिपत बोटं चाटत म्हणाला, ‘सफाईत. थोडा गळती शोधायला.’

‘आणि वाचवला किती? तीन किलो दोनशे साठ. म्हणजे वाचवला त्याच्या जवळजवळ दुप्पट उडवला.’

‘हळू बोल.’

‘कोण ऐकतंय? हा तराजू?’

‘त्यांच्या वहीत तो रकाना नाही, वासू. किती वाचवला एवढंच विचारलंय. न विचारलेलं कशाला सांगायचं?’

‘विचारलं नाही म्हणून तो गेला नाही का?’

‘गुणवंत लिहिणार आहे? तो पण नळ्या गॅसनेच झाडतो. त्याच्याकडे तर एसी आहेत, त्यांच्या नळ्या माझ्या दुप्पट लांब.’

‘गुणवंतभाईंची वही मी लिहीत नाही.’

महिपत अगदी लहान आवाजात म्हणाला, ‘यंत्र जाईल गं.’

‘जाईल,’ वासंती म्हणाली. तिचाही आवाज उतरला होता, कारण त्या यंत्रावर रोज सकाळी फडकं फिरवणारी तीच होती. ‘पण सोडलेला गॅस तर आधीच गेलाय.’ तिने पट्टी घेतली, वहीत एक उभी रेघ मारली, पेन त्याच्यापुढे ठेवलं आणि डबा धुवायला निघून गेली.

महिपत माझ्याकडे वळला. ‘तू तरी एकदा खोटं बोल की रे, बाबा.’ आणि माझ्या रिकाम्या पारड्याला हलकेच टिचकी मारली. मी डुललो आणि पुन्हा मधोमध आलो. मला दुसरं येतच नाही. त्याने पेन उचललं आणि आपल्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं: ‘सफाईत सोडलेला, ५ किलो ९००.’ खाली सही केली.

तीन दिवसांनी निहारसाहेब आले. बरोबर एक उंच, पिकल्या केसांचा परदेशी पाहुणा. कुठल्याशा थंड मुलखातला, पण साहेब वाटेना. त्याच्या बोटांवर तांबं जाळल्याचे डाग होते. चाळीस वर्षं फ्रीजच दुरुस्त केलेला माणूस, निवृत्तीनंतर गावोगाव शिकवत फिरणारा.

वही उघडली. निहारसाहेबांनी पहिली बेरीज वाचली, मग दुसऱ्या रकान्यावर थांबले. ‘हे काय आहे, महिपतराव?’

महिपतने सांगितलं. सरूबाईसकट सगळं सांगितलं. निहारसाहेबांनी ते पाहुण्याला त्याच्या भाषेत सांगितलं. पाहुणा आधी गंभीर झाला आणि मग एवढ्या मोठ्याने हसला की शेजारचा चहावाला डोकावून गेला.

‘ते म्हणतायत,’ निहारसाहेब सांगू लागले, ‘मीही तीस वर्षं असंच झाडलं. आमच्याकडेही कोणी लिहून ठेवलं नाही. तुमच्या पाच किलोंना वर सोबत आहे, माझा गॅस तिथे आधीपासून आहे.’

पाहुण्याने चालू फ्रीजच्या परतीच्या नळीवर हाताची उलटी बाजू ठेवली आणि डोळे मिटले. अगदी महिपतसारखे! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाषा कळत नव्हती, पण हात कळले. मग त्याने चित्र काढून दाखवलं: नळ्या झाडायला कोरडा नायट्रोजन वापरायचा. तो हवेतलाच, हवेत परत गेला तर कोणाचं काही बिघडत नाही. आणि आमच्या वहीचं ते पान त्याने स्वतःच्या डायरीत रकान्यासकट उतरवून घेतलं.

पण नियम तो नियम. जाताना निहारसाहेब चपलेत पाय घालत घुटमळले. ‘गुणवंतभाईंचा आकडा मोठा आहे, महिपतराव. पाच किलोच्या वर. यंत्र त्यांच्याकडे राहील, हे पुढच्या गावाला जाईल. मला वाईट वाटतंय.’

‘वाईट कशाला, साहेब? आकडा आकडा आहे,’ महिपत म्हणाला. त्याने यंत्र स्वतः उचलून जीपमध्ये ठेवलं. वासंतीने वरून एक फडकं बांधून दिलं.

पुढचे पंधरा दिवस दुकानात रेडिओ लागला नाही. माझ्या पारड्यात एकदा वासंतीने मिरच्या ठेवल्या, तेव्हा महिपतने त्या तशाच राहू दिल्या.

सोळाव्या दिवशी सकाळी दारात स्कूटर थांबली. पायाजवळच्या जागेत यंत्र, बेव्हर्ली पार्कला राहिलेलं. गुणवंतभाई उतरले. शर्ट आज गुळगुळीत नव्हता.

‘आवो, गुणवंतभाई. टाय आणलात का?’ महिपतने विचारलं.

‘कसला टाय?’

‘काही नाही. बसा.’

गुणवंतभाई बसले नाहीत. ‘अरे यार, निहारसाहेबने नवा फॉर्म पाठवला. त्यात तुझावाला रकाना छापलाय. सफाईत सोडलेला किती. भरायला बसलो तर डोकं फिरलं. नऊ किलो! वाचवले पाच आणि उडवले नऊ. त्यात माझा स्प्रिंगकाटा पण असा, की सकाळी एक बोलतो, संध्याकाळी दुसरं.’

‘मग?’

‘मग काय? मला रात्री... जाने दे. मी साहेबला फोन केला. बोललो, यंत्र माझं नाही होत. साहेब बोलले, नियम बदलता येत नाही, पण तुम्ही आपसात वापरलं तर मी कोण अडवणारा. तर असं करू. सोमवार ते बुधवार माझ्याकडे, गुरुवार ते शनिवार तुझ्याकडे. नायट्रोजनची टाकी दोघांत एक. आणि तोलायचं इथे, याच्यावर.’ त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

महिपतने वासंतीकडे पाहिलं. वासंती पदराला हात पुसत म्हणाली, ‘दोघांच्या वह्या इथेच राहतील. आणि लिहिणार मी.’

‘भाभी, तुम्ही बोलाल तसं,’ गुणवंतभाई म्हणाले आणि तेव्हा कुठे बसले. चहा आला. दोघे मिस्त्री अर्धा तास एकमेकांच्या चुका सांगून हसत होते. इतकी वर्षं गिऱ्हाइकांवरून भांडले, त्यांना एकत्र बसवायला शेवटी एक रिकामा रकाना लागला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. सध्या १९९९ चाललंय. यंदाच्या जुलैपासून आपल्यासारख्या देशांनीही हा गॅस ठरलेल्या मापावर थांबवायचा आणि मग हळूहळू खाली आणायचा, असं त्या करारात आहे. पेणकरपाड्याचे जुने फ्रीज मात्र चालू आहेत, बरेचसे वाचवलेल्या गॅसवर. सरूबाईचाही. गेल्या महिन्यात दोन्ही वह्यांत सोडलेल्या गॅसच्या रकान्यात मिळून दोनशे ग्रॅम होते. वासंतीने ते दोनशेही ठळक लिहिले.

माझं म्हणाल तर दांडीला थोडा गंज धरलाय, एका पारड्याची साखळी तारेने बांधलीय. भाईंदरच्या खाडीची खारी हवा कोणाला सोडत नाही. पण काटा मधोमध येतो. वजनमापवाले येतात, शिक्का मारून जातात.

मोठमोठे देश कागदावर काय लिहितात ते माझ्यापर्यंत पुडीवरूनच येतं. काही आकडे लिहिले जातात, काही सोडले जातात, हे मी धंद्यातला असल्याने ओळखतो. त्यांना सांगायला मी कोण? म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही वीज वाचवली, पाणी वाचवलं, झाड लावलं, तर जरूर लिहा, कौतुकाने लिहा. पण शेजारी पट्टी घेऊन एक उभी रेघ मारा आणि घालवलं किती तेही तिथेच लिहा. कोणी विचारलेलं नसलं तरी लिहा. एवढा हिशेब खरा ठेवा, बाकी तोलायला मी आहे.